पातं जमिनीवर तुटलं

पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा बाबा कामावरून थेट अकोला स्टेशनवर आले होते. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये ते फिटर. केसांत कापसाची तुसं तशीच. आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, मार्कशीट ठेवली का. आमच्या घरातून बाहेरगावी शिकायला जाणारी मी पहिली. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी एवढंच म्हणाले, "समजलं नाई तं इचारजो. लाजू नोको."

पुण्यात मी "मले समजलं नाई" म्हटलं की वर्ग हसायचा. एक वर्ष गप्प बसले. मग पुन्हा विचारायला लागले. आज अमेरिकेतल्या आमच्या मीटिंगमध्ये पाच-सहा देशांची इंग्रजी बोलली जाते, त्यात माझी वऱ्हाडी वळणाची सहज खपून जाते.

मी इंजिनं डिझाइन करते, आवाजाहून वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानांची. साध्या विमानाचं इंजिन वर चढताना जोर लावतं, नंतर जरा दम खातं. आमच्या इंजिनाला ती सोय नाही, ते तासन्तास तापलेलंच राहतं. त्या आगीत फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांचं काम माझ्याकडे आहे. ती टिकावीत म्हणून पात्याच्या आतून हवा खेळवायचे बारीक मार्ग मी आखते.

इंजिनाची जमिनीवरची पहिली चाचणी लवकर आटपावी, असं आमच्या साहेबांच्या मनात होतं. ती पाहायला पाहुणे येणार होते. मी सरळ म्हणाले, "प्रवासात जेवढा वेळ चालणार, तेवढा वेळ चालवू." साहेबांना ते रुचलं नाही, पण ऐकलं. चौथ्या तासाला इंजिन बंद करावं लागलं. एक पातं तुटलं होतं. मी आखलेलं.

घरी फोन केला आणि रडले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"जमिनीवरच तुटलं ना? बरं झालं बाई. वर तुटलं असतं तं आत मानसं बसली असती."

मागून आई म्हणाली, "रडून काहून राह्यली? दुसरं बनव."

दुसरं बनवायला आठ महिने लागले. पात्याच्या टोकाशी हवा पुरत नव्हती, तिथल्या हवेच्या मार्गाचं वळणच बदललं. या वेळी इंजिन पूर्ण वेळ चाललं, ठरल्याहून तासभर जास्तच. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी पार्किंगमधूनच फोन लावला.

"चाललं बाबा! पूर्ण चाललं!"

"उघडून पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. इंजिन सुटं करायला आठवडा गेला. एकेक पातं भिंगाखाली धरलं. कुठेच चीर नव्हती.

इथे माझं स्वतःचं घर आहे, अंगणात मेथीचा वाफा आहे. तरी तेल्हाऱ्याला सांगितल्याशिवाय काम झालं असं वाटत नाही. तिकडचं घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढा एक फोनच, आणि तो पुष्कळ आहे.

"बाबा, उघडून पाह्यलं. एकही चीर नाई."

इंजिन पूर्ण चालल्याची गोष्ट आठवडाभर त्यांनी बाहेर कुणालाच सांगितली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. कारण लगेच त्यांनी आईला हाक मारली, "अवं, माही चप्पल कुठं हाय? जिनिंगवर सांगून येतो."