एकतीस झाडांचा ताळा

"तुमच्या लोकांचं काय बाई, पस्तीस टक्क्यांवरही ॲडमिशन मिळते. तरी ये, फळ्यावर ये."

सगळा वर्ग हसला. नाशिकची शाळा, दहावी. दोन चलांतल्या समीकरणांची शाब्दिक उदाहरणं चालली होती. सरांनी माझ्यासाठी खास एक रचलं.

"हिची आई द्राक्षबागेत विरळणीला जाते. घ्या. दोन पुरुष आणि तीन बायका दिवसाला एकतीस झाडं विरळतात. तीन पुरुष आणि दोन बायका एकोणतीस. एकेकाची झाडं किती?"

कान तापले माझे. दाटलेल्या घडातले मणी कात्रीनं काढून काढून आईच्या अंगठ्याला घट्टा पडलेला. वर्गात मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

पुरुष एक्स धरला, बाई वाय. सोडवलं. पुरुष पाच, बाई सात.

"उलटं केलंस! बाई कधी गड्याच्या पुढं जाईल का? बदल."

मी बदललं. हो, स्वतःच्या हातानं बदललं. वर "चुकले मी, सर" असंही म्हणाले. त्याची लाज अजून जात नाही.

जागेवर येऊन वहीत ताळा केला. उत्तर परत उदाहरणात घालून बघायचं, हे सरांनीच शिकवलेलं. पुरुष सात, बाई पाच. सात दुणे चौदा, पाच त्रिक पंधरा. एकोणतीस. हवे होते एकतीस!

डोकंच फिरलं. उभी राहिले.

"सर, तुमच्या उत्तराचा ताळा जमत नाही."

"बस खाली."

नाही बसले. फळ्याकडे गेले. त्यांचं पुसलं, माझं लिहिलं.

"बाहेर हो! उद्या आईला घेऊन ये."

आई आली, कामाचा खाडा करून. सरांनी तिला दारातच उभं ठेवलं. पोरगी उद्धट आहे, माफी मागायला लावा म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, पोरीचं गणित चुकलं व्हतं का?"

"प्रश्न गणिताचा नाही."

वा रे वा! मग कशाचा होता, ते दारात उभ्या आईकडे बघून मला कळलं. मी माफी मागितली नाही. वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं, तरी नाही.

आज इंदिरानगरात मी गणित शिकवते. अजूनही काही जण आडनाव ऐकून माझं उत्तर दोनदा तपासतात. खुशाल तपासा. ताळा करून चूक दाखवा, मी पुसेन. तुमचं तोंड बघून मात्र आता एक आकडा पुसणार नाही.