दुखरा खांदा

"पाटीलना पोऱ्याना डावा खांदा आज कामना नही, दखा." ओसरीवर कुणीतरी हळूच म्हणालं. पाण्याचा तांब्या घेऊन मी दारातच थांबले.

म्हसावदच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या जोड्या तेव्हा आमच्या, म्हणजे पाटलांच्या ओसरीवर ठरत. वजनकाटा नव्हता. पैलवानानं पंचांपुढून चालत जायचं, वळायचं, उभं राहायचं. त्यांतले म्हातारे वस्ताद त्याचं अंग निरखत आणि कुणाशी कोण ते सांगत. त्या सकाळी माझा थोरला भाऊ डावा हात पोटाशी धरून चालला. वळताना त्यानं ओठ चावला. त्या खांद्यावरचा हळदीचा लेप मी आदल्या संध्याकाळी लावला होता. बोट टेकलं की तो श्वास रोखायचा, म्हणून मी फुंकर घालत लावला होता.

वस्तादांनी मला पाहिलं. "काय वं बाई, खरंच दुखस का त्याले?"

नाशिकच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीत आले की मी चार माणसांपुढे बोलत नसे. माझी अहिराणी ऐकून बायका पदराआड हसत. मी नुसती होकाराची मान हलवली. तेवढं पुरलं. कळसाडीच्या दांडग्या पैलवानाऐवजी दादाची जोड ब्राह्मणपुरीच्या एका नवख्याशी लागली.

आम्ही बायका लांब उभ्या केलेल्या बैलगाडीतून कुस्ती पाहत होतो. नवखा चपळ होता, पण दादाच्या डाव्या खांद्याला हात लावीना. दोनदा तिथली पकड त्याला मिळाली, दोनदा त्यानं ती सोडली.

"भ्याना वं तो," शेजारची म्हणाली.

भ्याला नव्हता. जपत होता. तेवढ्यात दादानं त्याला त्याच खांद्यावर घेतलं आणि धोबीपछाड मारली. तो पाठीवर आपटला, डफ वाजू लागला. मी गाडीचा दांडा धरून बसले.

घरी परसात दादा भरली घागर दोन्ही हातांनी डोक्यावर ओतत होता.

"दुखत नव्हतं?" मी विचारलं.

तो हसला. "अवं येडी, निम्मी कुस्ती त ओसरीवरच होस! तू खोटं बोलत नही, हाई समदा गावले माहीत शे. म्हनीसन तर तुन्हा हातनी हळद लावी लिधी."

घरात हळद लावायला आई होती, काकू होती.

संध्याकाळी वस्ताद मानाचा फेटा घेऊन आले. हरलेल्यानं जिंकणाऱ्याच्या घरी गूळपाणी घ्यायची रीत होती, म्हणून मागून तो ब्राह्मणपुरीचाही आला. कोपर सोललेलं. गुळाचा खडा हातात तसाच धरून त्यानं दादाला विचारलं, "भाऊ, खांदाले लागनं नही ना? मी जपी ऱ्हायंतू."

"नही रे," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

आईनं ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं. सगळे वाट पाहत होते. मी ताट खाली, ओसरीच्या कडेला ठेवलं. माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"वस्तादबाबा, दादाना खांदा धड व्हता. त्यानी माले फसाडं, आनि मी तुमले."