बारागाड्यांची सुनावणी

"बाई, तुमचं आणि यांचं नातं काय?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"वडील आहेत," राजश्री म्हणाली.

"आणि वडिलांच्याच विरोधात अर्ज दिलाय?"

"विरोधात नाही, साहेब. वडील जिवंत राहावेत म्हणून दिलाय."

झालं. मी उभी राहायच्या आधीच निम्मी केस गेली. मी वडिलांची वकील. माझे अशील नाना, वय पासष्टच्या पुढे, डोक्यावर टोपी, मुलीपासून दोन खुर्च्या सोडून बसलेले. भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडे असे टक लावून बघत होते, जसं काही त्यातलं एखादं शेत आजच घ्यायचंय.

ही सुनावणी अमळनेरला, प्रांत ऑफिसात चालली होती. गाव तिथून जवळच. नाव लिहीत नाही, वकिलाची सवय. त्या गावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास देवीची यात्रा भरते आणि बारागाड्या ओढल्या जातात. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या. बैल जोडायचे नाहीत. गाड्यांवर माणसं बसतात आणि पुढे एकटा भगत, अंगाला हळद लावून, अनवाणी, ती सगळी माळ ओढत देवळापर्यंत पळत नेतो. त्याच्या दोन बाजूंना दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. ते त्याला धरून पळतात. देवी ओढते, भगत निमित्त, अशी श्रद्धा. नानांच्या घरात हा मान तीन पिढ्यांचा.

गेल्या वर्षी गाड्या देवळापाशी थांबल्या नाहीत. नाना पडले. बगल्यांनी त्यांना बाजूला ओढलं, पण पाय राहिला. चाक पंजावरून गेलं. दोन बोटं गेली. राजश्री गर्दीत उभी राहून हे बघत होती. ती धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. यंदा नाना पुन्हा पळणार म्हटल्यावर तिनं प्रांतांकडे बंदीचा अर्ज टाकला. नानांनी निरोप धाडला, आखाजीला माहेरी येऊ नको. आमच्याकडे आखाजीला लेकीला येऊ नको म्हणणं म्हणजे काय, ते लेकींनाच विचारा.

प्रांतांना जिवाला धोका दिसला तर ते एका कलमाखाली एखादी गोष्ट थांबवू शकतात. हल्ली त्या कलमाचा नंबर एकशे त्रेसष्ट झालाय. आम्हा जुन्या मंडळींच्या तोंडी अजून एकशे चव्वेचाळीसच.

आता माझ्याबद्दल. मी जळगावला वकिली करते. नात कॉलेजात गेली तरी करते. विचारांनी जुन्या वळणाची, आणि हे काही लाजत सांगत नाही. देऊळ, यात्रा, कुटुंब, गाव या गोष्टी माणसांनी वापरून वापरून घडवलेल्या असतात. त्या एका सहीनं मोडू नयेत. सरकारनं प्रत्येक पारावर येऊन मांडी घालू नये. हे माझं राजकारण. मतही त्याच हिशेबानं देते.

पंचविशीतही मी हेच म्हणायचे, फक्त ओरडून. अमळनेरच्याच कॉलेजात वादविवादाचा कप जिंकला होता. समोरच्या मुलीला एकही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. परीक्षकांना वाटलं, केवढा हा आत्मविश्वास. मलाही तसंच वाटलं. वर्षभर मी तो कप काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना मुद्दाम त्या खोलीत बसवत होते. हल्ली त्यात लसूण ठेवते.

त्या ओरडण्यावर पुढे उतारा सापडला. आमच्या चेंबरची एक रीत आहे. तिला आम्ही उलटा चहा म्हणतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी समोरच्या पार्टीची वकील व्हायचं आणि माझ्या ज्युनियरनं मी. जो अडकेल त्यानं चहा करायचा. माझी ज्युनियर नाझिया. तिच्या घरच्यांचं गाद्या-उशांचं दुकान आहे. तिचं माझं राजकारणात कधी जमत नाही. तिचं म्हणणं, सरकारनं मध्ये तोंड घातलं नसतं तर तिच्या आजीसारखी तीही चौथीतून घरी बसली असती. मी म्हणते, ते खरंय. ती म्हणते, मग? मी म्हणते, मग चहा कर.

नानांच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मी राजश्री झाले.

"साहेब, गेल्या वर्षी वडिलांच्या पायावरून चाक गेलं. यंदा छातीवरून गेलं, तर प्रथा टिकली म्हणायचं का?"

नाझियानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. ही माझी नक्कल. "साहेब, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. आणि श्रद्धेच्या बाबतीत..." ती थांबली. "मॅडम, याच्यापुढे तुम्ही काय म्हणता?"

मलाही आठवेना. चहा तिनंच केला. छातीवरून चाक हे माझ्याच तोंडून गेलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या गाडीतही माझ्या शेजारी बसलं होतं.

सुनावणीत राजश्री देवीबद्दल वाईट बोलेल अशी मी वाट बघत होते. तसं झालं असतं तर माझं काम सोपं होतं. ती बोलली भलतंच.

"साहेब, लहानपणी मी स्वतः गाडीवर बसलेय. भीती वाटली नाही. मग बदललं काय? देवी तीच. नानाही तेच. बदललं चाक आणि बदलला रस्ता. तेव्हा लाकडी चाकं होती, जड, कुरकुरणारी. रस्ता मातीचा, घोट्याइतका फुफाटा. ओढणारा दमला की गाड्या आपोआप थांबायच्या. आता सगळ्या टायरच्या गाड्या आहेत, आत बेअरिंग. रस्ता काँक्रीटचा, देवळाकडे उतरता. बारा गाड्या, वर एवढी माणसं. एकदा सुटल्या की त्या वडिलांच्या मागे येत नाहीत, वडिलांच्या अंगावर येतात."

"चाकाखाली ठोकळा टाकणारे असतात ना?" साहेबांनी विचारलं.

"असतात. मोगरी म्हणतात तिला. काँक्रीटवर ती चाकाबरोबर घसरत जाते."

मी माझ्या कागदांकडे बघितलं. मनात म्हटलं, ही पोरगी माझी केस लढतेय. जुनं कसं होतं, का चाललं होतं, कुणी बिघडवलं, हे सगळं माझ्या बाजूनं मी सांगायला हवं होतं. ते सांगत होती बंदी मागणारी. पंचविशीतली मी असते तर मध्येच उठून "ऑब्जेक्शन!" म्हणाले असते. प्रांत ऑफिसात ऑब्जेक्शन कशाला, हे तेव्हा मला कुणी विचारलं नसतं.

मी म्हटलं, "साहेब, अशिलाशी बोलायला थोडा वेळ द्या."

बाहेर व्हरांड्यात, मला या केसवर आणणारे गावचे सरपंच खुशीत होते. "अक्का, आता मस्त टोला हाणा."

"टायर काढा," मी म्हटलं.

"काय?"

"लाकडी चाकाच्या गाड्या आणा. रस्त्यावर माती टाका. वर माणसं मोजकीच बसवा."

"अहो, लाकडी गाड्या आता दिसतात कुठे? आणि पोरं हसतील. जमाना कुठे गेला!"

"सरपंच, तुम्ही मला कशासाठी आणलंत?"

"आपली परंपरा वाचवायला."

"मग करा की परंपरा."

सरपंचांचा चेहरा उतरला. "तुम्ही आमच्या वकील का तिच्या?"

तेवढ्यात नाना बोलले. सकाळपासून पहिल्यांदा. "पोर सांगस ते खरं शे," म्हणाले. मग पायाकडे बघून, "चाक आते ऐकत नही."

"मग हे सोडून द्यायचं का, नाना?" मी विचारलं. हे विचारणं भाग होतं.

त्यांनी मान हलवली. नाही. मान सोडायचा नव्हता. मरायचंही नव्हतं. दोन्ही एकदम सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आत जाऊन मी सांगितलं, "साहेब, राजश्रीताईंचं एकही वाक्य मी खोडत नाही. फक्त बंदीचं सोडून. बंदी घातली तर गाव गाड्या ओढायचं थांबणार नाही, पोलिसांना आणि अँब्युलन्सला सांगायचं थांबेल. गावानं बिघडवलंय, गावालाच दुरुस्त करू द्या." अटी मीच वाचून दाखवल्या.

"हमी कोण घेणार?"

"मी स्वतः देवळासमोर, गाड्यांच्या तोंडावर उभी राहीन, साहेब."

बोलून गेले. नाझियानं तोंडावर फाइल धरली. साहेब क्लार्कला म्हणाले, "लिहून घ्या. वकीलबाई समोर उभ्या राहतील."

राजश्री मात्र हसली नाही. "तुम्ही उभ्या राहाल," ती म्हणाली. "पळणार माझे वडील."

 सशर्त परवानगी मिळाली. सरपंचांनी माझे आभार मानले नाहीत. मी जिन्यात राजश्रीला गाठलं.

"मला तुझं म्हणणं पटत नाही," मी म्हटलं, "पण उतार तुला कळतो, मला नाही. माती कुठून टाकायची ते तू सांग."

"मी यात्रेला मदत करू?"

"यात्रेला नको. नानांना कर."

ती जिना उतरून गेली. पुढच्या आठवड्यात सरपंचांचा फोन. "अक्का, ती आलीय. एकच गाडी, वर ज्वारीची पोती, उतारावरून पुन्हा पुन्हा सोडून बघतेय. नाना ओट्यावर बसून बघताहेत. बोलत नाहीत एकमेकांशी."

"काय म्हणते ती?"

"माती पार शाळेपासून टाका म्हणते. इतकी! गाड्या पोहोचणारच नाहीत देवळाला."

"टाका," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ब्लडप्रेशरची गोळी शोधली.

लाकडी चाकाच्या बारा गाड्या जमवताना सरपंचांची दमछाक झाली. पारोळ्याच्या बाजूनं काही आल्या, काही कुणाच्या गोठ्यामागे सडत पडलेल्या निघाल्या. एक तर धुळे हायवेवरच्या ढाब्यासमोर, लाल-पिवळी रंगवून, फोटो काढायला ठेवलेली. ती तशीच रंगीत आणली. पोरं तिच्यावरच बसायला भांडत होती.

यात्रेच्या दिवशी मी देवळासमोर उभी होते. ऊन असं की डोळे उघडवेनात. शेजारी नाझिया छत्री धरून. पलीकडे राजश्री, हातात पाण्याचा तांब्या. उभं कुठे राहायचं ते तिनंच ठरवलं होतं, आमच्या बरीच पुढे. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. माती कमी पडली तर? कुणी रात्रीतून उचलून नेली असेल तर? मी लेखी हमी घेतलेली, पण मेलं तर दुसऱ्याचं माणूस मरणार. वकिलीत सगळ्यात वाईट जागा ती हीच.

ढोल वाढले. गर्दी एकदम ओरडली. गाड्या हलल्या.

लाकडी चाकांचा असा करकराट मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. धुरळ्यात आधी काहीच दिसेना. मग हळदीनं पिवळे झालेले नाना दिसले, लंगडत, पण पळत. दोन्ही बाजूंना बगले. मागून ती बारा गाड्यांची माळ, उतारावर आली. मी नाझियाचा दंड धरला. नंतर तिनं मला त्यावरचे वळ दाखवले.

उतारावर नानांचा पाय अडखळला.

मी डोळे मिटले नाहीत, तेवढं मात्र केलं. बगल्यांनी त्यांना सावरलं. मागे चाकं मातीत रुतली, मोगऱ्या पडल्या, आणि यंदा त्या घसरल्या नाहीत. गाड्या मंद झाल्या. आणखी मंद. आणि थांबल्या.

देवळाच्या अलीकडे. चांगली तीन-चार घरं अलीकडे.

ढोल थांबले. गर्दीचा आवाज बसला. गाड्या देवळापर्यंत न पोहोचणं म्हणजे वर्ष वाईट. कुणीतरी म्हणालं, देवी कोपली. दुसरं कुणी म्हणालं, त्या वकीलबाईनं माती टाकायला लावली. माना माझ्याकडे वळायला लागल्या. सरपंच माझ्यापासून चार पावलं सरकून उभे राहिले. 

नाना कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होते. त्यांनी मागे गाड्यांकडे बघितलं, पायाखालच्या मातीकडे बघितलं. मग तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मन्हा बाप बी आठेच थांबे!" माझा बापही इथेच थांबायचा.

 मग पायरीवरून एक म्हातारी म्हणाली, "हां, हां. आठेच थांबे." तिच्या शेजारचीला आठवलं. मग एकेक करून बऱ्याच जणांना आठवलं, त्यात असेही होते ज्यांचा तेव्हा जन्म झाला नसावा. कुणीतरी नारळ फोडला. ढोल पुन्हा सुरू झाले.

राजश्री तांब्या घेऊन पुढे गेली. नानांनी तिच्याकडे बघितलं, पाणी प्यायले, उरलेलं पायावर ओतून घेतलं. "घर चाल," म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमची पंगत बसली. नाझिया चौथी पुरणपोळी घेत होती. मी नानांकडे वाकून हळूच विचारलं, "नाना, खरंच वडील तिथेच थांबायचे?"

नानांनी पोळीचा घास तुपात बुडवला. "वकील कोन शे, अक्का?"

आता तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. लोक त्याला जुनी जागा म्हणतात.

राजश्रीचं मत बदललेलं नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज देणार आहे, बंदीचाच, आणि तिनं तसं मला तोंडावर सांगितलंय. मीही पुन्हा विरोध करणार आहे, पूर्ण ताकदीनं. फक्त माती कुठून टाकायची, ते आधी तिला विचारून घेईन.