चिठ्ठीवर पाणी लिहिलं होतं

“हिनं आज कशाला हात लावला होता?” डॉक्टरने दुसऱ्यांदा विचारलं. खाटेवर माझ्या जोडीदारणीला झटके येत होते, दोन नर्स तिचे पाय दाबून धरून होत्या.

“पाण्याले,” मी म्हणाले. “सकाळी पोछा मारला, बस.”

मे महिना होता. बाहेरच्या बाकांवर ऊन लागलेली माणसं पडली होती. डॉक्टरने तिलाही त्यांच्यातलीच धरली. बर्फ ठेवला, सलाईन लावलं. त्याची चूक नव्हती. मीच पाणी म्हणाले होते.

आम्ही दोघी औषधं तपासायच्या एका लॅबमध्ये सफाईला होतो. ती कन्हानहून यायची, मी इंदोऱ्याहून. तोंडाची फटकळ होती, माझ्यासारखीच, म्हणून पटलं.

लॅबमधल्या मशीनला वीतभर लांब पोलादी नळी लावतात. तिला कॉलम म्हणतात. औषध द्रवात मिसळून त्यातून सोडलं की त्यातले पदार्थ एकेक करून वेगळे बाहेर येतात आणि द्रव खालच्या डब्यात जमतो. साध्या कॉलमच्या द्रवात ॲसिटोनायट्राइल नावाचं रसायन असायचं. त्या डब्यांना आम्ही हात लावायचा नाही, असा नियम होता. मग एका मशीनला नवा कॉलम आला. मॅडमने, म्हणजे तिथल्या केमिस्ट मुलीने, आम्हाला बोलावून सांगितलं.

“मावशी, आतल्या पावडरीच्या दाण्यांवर तेलकट केस असतात. नुसतं पाणी सोडलं तर ते आकसून बसतात, औषधाला धरत नाहीत. या नव्यात केसाच्या मुळाशी पाण्याशी पटणारा एक तुकडा बसवलाय. म्हणून हा नुसत्या पाण्यावरही चालतो.”

“मॅडम, माह्या केसाईले बी बसवून द्या ना असा तुकडा,” माझी जोडीदारीण म्हणाली. “न्हायलं का झाडू होते त्याचा.”

मॅडम हसली. तिनं त्या मशीनच्या डब्यावर आमच्यासाठी मराठीत चिठ्ठी चिकटवली: पाणी. “थोडं मीठ असतं, बाकी पाणीच. सिंकमध्ये ओतत जा.”

उन्हाळ्यात लॅबच्या नळाला तासभर पाणी. डबाभर पाणी ओतून देणं आमच्या जिवावर आलं. आम्ही त्यानंच पोछा मारू लागलो. कोणाला विचारलं नाही.

त्या सकाळी मी म्हणाले होते, “गोडसर वास येऊन राहिला वं.”

“या खोलीले वास कधी नसते? चिठ्ठी वाच ना. तूच चौथी शिकली.”

मी वाचली. पाणी.

मशीनची खोली एसीमुळे बंद असते. तिथं ती गुडघ्यांवर बसून फडक्यानं पुसत गेली. साडी भिजली ती अंगावरच वाळली. मी बाहेरचा पॅसेज काठीच्या पोछ्यानं पुसला, कारण माझे गुडघे वाकत नाहीत. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. चारला ती ओकली. मी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला आणि वर झापलं, “उपाशी उन्हात आली काहून?” तिनं मला शिवी दिली. त्यानंतर ती बोलली नाही. ऑटोत घातलं तेव्हा हातपाय ताठ होत होते.

दवाखान्यात बर्फावर तास गेला. मग मॅडम पोचली.

“कोणत्या डब्यातलं घेतलं होतं?”

“चिठ्ठीवाल्या. पाण्याच्या.”

ती भिंतीला टेकली. “मावशी, तो कॉलम काल दुसऱ्या मशीनला नेला. इथं परत जुना, साधा लावला. चिठ्ठी काढायची राहिली.”

तिनं काही लपवलं नाही. स्वतः आत जाऊन डॉक्टरला रसायनाचं नाव सांगितलं. ते नाकातून, कातडीतून अंगात जातं आणि हळूहळू त्याचं सायनाइड होतं, असं डॉक्टर म्हणाला. त्यावरचं औषध त्या दवाखान्यात नव्हतं. दुसरीकडून यायला आणखी तास लागला. तोवर माझंही डोकं फुटायला आलं होतं. औषध दोघींनाही दिलं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी जगले.