पूररेषा आणि पाचवा हिस्सा

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पुलाशेजारच्या पायऱ्या उतरून नदीपर्यंत जायचं. खांबावर रंगवलेली पट्टी बघायची. पाणी कुठे टेकलंय ते वहीत लिहायचं, पुढे वेळ, पुढे सही. संपलं. पाणी वाढलं म्हणून शाबासकी नाही, उतरलं म्हणून बोलणी नाहीत. पाणी तुम्ही आणलेलं नसतं आणि ते तुमचंही नसतं. ते कुठवर आलं एवढंच तुम्ही सांगायचं. महिन्याअखेर पगार, तोही असा की त्याची पातळी मोजायला पट्टी लागत नाही.

आता समजा, उद्यापासून नियम बदलला. पाणी जितकं चढेल त्याचा पाचवा हिस्सा तुमचा. उतरलं तर तुमचं काही जात नाही. शिवाय नदी जागेवर आहे याबद्दल दरवर्षी शंभरामागे दोन वेगळे. खरं सांगा, सकाळी सहाला पट्टी वाचताना तुमचे डोळे तेच राहतील?

माझ्या मामाने पहिलं काम एकतीस वर्षं केलं. मग दुसरं काम करणाऱ्यांच्या हातात त्याने निवृत्तीचे पैसे दिले. एकट्याने नव्हे, त्याच्या शब्दावर त्याला धरून एकशे त्रेचाळीस जणांनी दिले.

पाटबंधारे खात्यात मामाला सगळे पट्टीवाला म्हणायचे. नव्या साहेबांना ते पट्टेवाला असं ऐकू यायचं आणि ते त्याला चहा आणायला पिटाळायचे. मामा चहा आणून ठेवायचा आणि मग सांगायचा, "साहेब, मी पट्टीवाला. पट्टेवाले रजेवर आहेत."

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर ते जिथवर चढलं होतं तिथे मामाने खांबावर लाल रेषा मारली आणि तारीख टाकली. पूररेषा. दोन वर्षांनी त्या रेषेच्या खालच्या जमिनीचे प्लॉट पडले. मग एक साहेब पुलाखाली आले, नदीकडे बघत म्हणाले, "छान वारा आहे," आणि पुढे म्हणाले, "रेषा जरा हातभर खाली घेता येईल का? रंग काय, खात्याचाच आहे."

"रंग खात्याचा आहे साहेब," मामा म्हणाला, "पूर खात्याचा नाही."

त्याची बदली एका ओढ्यावर झाली. ओढा नकाशात निळा होता, प्रत्यक्षात त्यात गुरं बसायची. तिथेही मामा तीन वर्षं रोज दोनदा उतरला आणि वेळ घालून लिहीत राहिला, "पाणी नाही." मामी अजून म्हणते, "सगळ्यांचे नवरे कामाला जातात. आमचे तीन वर्षं कोरड्याची नोंद करायला जात होते. तीही वेळेवर!"

असा माणूस फसतो कसा? त्याला त्याच्याच धंद्यातला शब्द ऐकवला की.

खात्यातल्या निवृत्तांची एक संस्था आहे. तिच्या हॉलमध्ये एका खाजगी गुंतवणूक फंडाचे साहेब आले. वय पस्तिशीचं, बूट असे की त्यात छताचा पंखा दिसत होता. त्यांनी पडद्यावर चढत जाणारी एक रेघ दाखवली. त्या रेघेला उतरणं माहीतच नव्हतं. मग फीचं पान आलं.

"आमची पद्धत साधी आहे," साहेब म्हणाले. "दोन आणि वीस."

पुढच्या रांगेत मामाचे एक जुने सहकारी बसले होते, त्यांना सगळे गेटवाले म्हणायचे. त्यांनी आयुष्यभर धरणाचे दरवाजे उघडले आणि बंद केले, त्यामुळे काही आत येताना आणि बाहेर जाताना ते आपोआप सावध होतात. त्यांनी विचारलं, "दोन कशाचे?"

"व्यवस्थापनाचे. तुमच्या रकमेवर वर्षाला दोन टक्के."

"फायदा झाला तर?"

"झाला तरी, नाही झाला तरी. ऑफिस चालवावं लागतं ना."

"आणि वीस?"

"ते यशाचे. जो नफा होईल त्याच्यातले वीस टक्के. आमचं यश ते तुमचं यश."

"आणि अपयशाचे किती?"

साहेब मनापासून हसले. "काका, अपयश आपण सगळे मिळून सोसायचं." तेवढ्यात चहा आला.

गेटवाल्यांनी तो दरवाजा तिथेच बंद केला असता. पण साहेब पुढचं पान दाखवून म्हणाले, "आणि तुमच्या संरक्षणासाठी, हाय वॉटर मार्क."

मामा खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे पूररेषा?"

"अगदी बरोबर! पैसे एकदा जिथवर चढले तिथे आम्ही खूण करतो. नंतर ते खाली आले, तर पुन्हा ती खूण ओलांडेपर्यंत आम्ही वीसमधला एक पैसाही घेत नाही. एकाच चढावाचे दोनदा पैसे नाहीत."

मामा नंतर घरी सांगत होता, "अगं, आपल्यातलेच लोक आहेत. रेषा मारतात!" बैठकीत त्याने हात वर केला आणि म्हणाला की जी माणसं पूररेषा पाळतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ज्या माणसाने रेषेपायी तीन वर्षं कोरडा ओढा मोजला, तो रेषेबद्दल हमी देतोय म्हटल्यावर हात भराभर वर गेले. गेटवाल्यांचाही गेला, सगळ्यात शेवटी.

पहिल्या वर्षी पाणी चढलं. शंभराचे एकशे बत्तीस झाले. दोन व्यवस्थापनाचे गेले, राहिले एकशे तीस. म्हणजे नफा तीस, त्याचा पाचवा हिस्सा सहा, तो यशाचा. हातात एकशे चोवीस. मामाने घरातल्या कॅलेंडरच्या मागे लाल पेन्सिलीने रेषा मारली: १२४. तारीख टाकली.

मामी म्हणाली, "सहा त्यांनी घेतले?"

"नफा त्यांनी करून दिला ना."

"तुम्ही एवढे पूर पाहिले. कधी बादलीभर तरी पाणी घरी आणलंत?"

दुसऱ्या वर्षी पाणी उतरलं. फंडाच्या पत्रात त्याला "बाजारातील प्रतिकूल वातावरण" म्हटलं होतं. चढलं होतं तेव्हा ती साहेबांची हुशारी होती, उतरलं तेव्हा ते हवामान निघालं. दोन टक्के मात्र वेळेवर गेले, त्यांना हवामान लागत नाही. शंभराचे ऐंशी राहिले.

संस्थेतले लोक मामाकडे बघेनासे झाले. जे बघायचे ते जरा जास्तच बघायचे. मामा मात्र एका गोष्टीला धरून होता. "रेषा एकशे चोवीसला आहे. आता तिथवर फुकट चढवून द्यावं लागेल त्यांना. करार आहे." तो हे रोज म्हणायचा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला.

मग ते पत्र आलं. जाड कागद, वर सूर्य उगवताना. जुना फंड बंद करून "नवे पर्व" नावाचा फंड सुरू होत आहे. सभासदांनी सोबतच्या फॉर्मवर सही करून नव्या फंडात यावं, किंवा आजच्या भावाने पैसे परत घ्यावेत. आठ दिवसांत सही करणाऱ्यांना खास सवलत: व्यवस्थापन फी दोनऐवजी पावणेदोन.

मामाने मला बोलावलं. मी संगणकावर आकडेमोड करूनच पोट भरते, त्यामुळे घरात पंख्यापासून पेन्शनपर्यंत काहीही बिघडलं की मला फोन येतो.

"बाळा, हे वाच. रेषेचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही."

लिहिलेलं होतं. अकराव्या पानावर, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात. "नव्या फंडाची खूण प्रवेशाच्या दिवशीच्या मूल्यावर राहील."

"म्हणजे ऐंशीवर," मी म्हणाले. "मामा, ते ऐंशीचे पुन्हा एकशे चोवीस झाले, तर तुझ्या दृष्टीने तू होतास तिथेच आलास. पण त्यांच्या दृष्टीने चव्वेचाळीस नफा. त्याचा पाचवा हिस्सा जवळजवळ नऊ. पाणी १२४ ला टेकेल आणि तुझ्या हातात उरतील ११५."

"पण त्या चढावाचे सहा आधीच दिलेत."

"ते जुन्या पर्वातले."

मामी आतून म्हणाली, "नव्याचे नऊ म्हणतात ते हेच!"

मामा हसला नाही. "म्हणजे त्यांनी रेषा खाली घेतली," तो म्हणाला. "हातभर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फंडाच्या ऑफिसात गेलो. बाविसावा मजला, भिंती काचेच्या, खुर्च्या इतक्या खोल की बसलेला माणूस भांडायला उठू शकत नाही. मामा बसलाच नाही. अकराव्या पानावर बोट ठेवून उभा राहिला.

साहेब म्हणाले, "काका, तुम्हीच विचार करा. खूण एकशे चोवीसवर आणि फंड ऐंशीवर. तिथवर चढायला तीन-चार वर्षं. तोवर माझ्या हुशार मुलांना बोनस नाही. ती सोडून जातील."

"ज्यांनी एकशे चोवीसवरून ऐंशीवर आणलं तीच ना?"

"टीम तीच आहे."

"ऑफिस?"

"हेच."

"मग नवीन काय आहे?"

साहेबांनी पत्रावरच्या सूर्याकडे बोट दाखवलं. "नाव."

"पूल तोच, नदी तीच," मामा म्हणाला, "फक्त खांब धुऊन काढला."

"हे सगळं कायदेशीर आहे, काका."

"ते आलंच साहेब. आमच्याकडेही बदली कायदेशीरच झाली होती."

सही करण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. गुरुवारी संस्थेच्या हॉलमध्ये मामा पुन्हा सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याला एवढंच करायचं होतं: ज्या शब्दावर लोकांनी हात वर केले होते, तो शब्द परत घ्यायचा. त्याने फळ्यावर खडूने खांब काढला. एकशे चोवीसवर रेषा, ऐंशीवर रेषा.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला वाटलं रेषा म्हणतात म्हणजे रेषाच असेल. ती पेन्सिलीची होती. मी माझे ऐंशी परत घेतोय. वीस बुडाले. पण माझ्याच पाण्यावर पुन्हा चढायचे नऊ देणार नाही. तुम्हाला मी आत यायला सांगितलं होतं, आता बाहेर यायला सांगतोय."

मागून एकजण म्हणाला, "आत नेतानाही तुम्हीच, बाहेर काढतानाही तुम्हीच? तुमचं पाणी रोज वेगळं, पट्टीवाले!"

दुसरा म्हणाला, "बाहेर पडलो तर वीस कायमचे गेले. आणि तिकडे पाव टक्का वाचतोय."

"पाव वाचवायला नऊ द्याल?"

"नऊ फायद्यातून जातात. पाव खिशातून जातो."

या वाक्यावर हॉलमध्ये इतक्या माना डोलल्या की मामाने खडू ठेवून दिला. खिसा आणि फायदा एकाच माणसाच्या शर्टाला असतात, हे फळ्यावर काढून दाखवता येत नाही.

शुक्रवारपर्यंत अठ्ठ्याऐंशी जणांनी नव्या पर्वावर सही केली. पंचावन्न जण बाहेर पडले. गेटवाले सगळ्यात आधी. फॉर्म देताना मामाला कोपर मारून म्हणाले, "पट्टीवाल्या, अपयशाचे किती हे मी तेव्हाच विचारलं होतं. तू मध्येच पूररेषा म्हणून नाचलास."

"नाचलो," मामा म्हणाला.

मामाने आपला फॉर्म भरला. "पैसे परत" वर खूण केली. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. तिथे त्याने सवयीप्रमाणे तारीख आणि वेळ घातली आणि लिहिलं, "पातळी ८०. पूररेषा १२४. आमच्याकडून रेषा हलवलेली नाही." मग सही.

ऐंशी परत आले. घराच्या मागच्या खोलीवर नवं छत घालायचं होतं, ते आता अर्ध्या खोलीवर येईल. मामी म्हणते, कोरड्या अर्ध्यात आपण झोपू, दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही पट्टी लावा. ती हे चारचौघांत म्हणते आणि मग त्याच्या ताटात आधी वाढते.

त्या अठ्ठ्याऐंशींची काळजी मात्र मामाला सुटलेली नाही. कोणी रस्त्यात भेटला की विचारतो, "कितीवर आहे?" तो सांगतो, "ब्याऐंशी, चढतंय." मामा मान हलवतो आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहितो. एकशे चोवीसची लाल रेषा त्याने पुसलेली नाही.

फंडाला त्याने एक पत्रही पाठवलंय. उत्तर आलं की आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. म्हणून त्याने तेच पत्र पुन्हा पाठवलं, आणि परवा तिसऱ्यांदा. मी ते टाइप करून दिलं, म्हणून मला तोंडपाठ आहे. वर सप्रेम नमस्कार, खाली सही, आणि मधे एकच ओळ:

"एकतीस वर्षं पाणी चढो वा उतरो, मला पगार तेवढाच होता, म्हणून लोक माझी वही खरी मानायचे; तर तुमच्याकडे ती रेषा जो मारतो, तो माणूस पगारावर आहे की टक्क्यावर?"