डोंगरावरचा समुद्र

शम्सामावशी मुळात ओमानमधल्या सूर बंदराची. तिचे वडील होड्या बांधायचे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या डोंगरातल्या गावी आली आणि वर्षभर रडली. तिचा नवरा, हमूदकाका, अबोल माणूस. शेळ्या घेऊन वर गेले की तिच्यासाठी एखादा दगड आणायचे. कधी हिरवा, कधी काळा, कधी चमकणारा, कधी शिंपल्यांची नक्षी असलेला पांढरा.

"इथे दगडांना काय तोटा होता, म्हणून आणखी आणलात?" मावशी करवादायची. पण टाकला एकही नाही. अंगणाच्या कडेला त्यांची रांगच लागली.

काका गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मस्कतहून रहमा नावाची मुलगी डोंगरातल्या खडकांची पाहणी करायला आली. मावशीनं तिला कहवा आणि खजूर दिला. खजूर तोंडात तसाच ठेवून ती त्या रांगेपाशी उकिडवी बसली.

"मावशी, हे कुणी गोळा केले?"

"आमच्या म्हाताऱ्यानं. दुसरं काही सुचायचंच नाही त्याला."

रहमानं काळा, गोलसर दगड उचलला. "हा समुद्राच्या तळाशी जन्मला. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस पाण्यात आला, की वरून झटकन थिजतो आणि असा गोळा होतो. हिरवा तर तळाच्याही खालचा. पांढरा म्हणजे शिंपल्यांचा गाळ, थरावर थर बसून घट्ट झालेला. आणि हा चमकणारा आधी या पांढऱ्यासारखाच होता. खोल जमिनीत दाबानं, उष्णतेनं पालटला. मग जमीन सरकत सरकत सगळं वर आलं."

"म्हणजे हा डोंगर..."

"समुद्राचा तळ आहे, मावशी."

मावशीनं तिच्या हातातला काळा दगड घेतला. मग हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याला ठाऊक होतं का गं हे?"

"नसेल. पण शिंपले तर दिसलेच असतील."

"मग बोलायला काय झालं होतं!" म्हणत तिनं ओढणीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडुसष्ट वर्षांची मावशी काठी घेऊन माझ्या दारात उभी. आम्ही दोघी खिंडीपर्यंत चढलो. तिथे काळे गोळे एकमेकांवर रचल्यासारखे पडले होते. चपला काढून ती त्यांच्यावर बसली आणि दुपारपर्यंत काकांशी बोलत राहिली. मी जरा लांब बसून रोटी-मध खाल्लं.

उतरताना तिचा गुडघा आखडला. खांद्यावर हात टाकून ती मला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं हं. हिरवा दगड तो कुठून आणायचा, ते बघायचंय मला."