धोंड्याची अंगठी

सासऱ्यांनी बोटात घातलेली सोन्याची अंगठी माझ्याकडे जेमतेम दुपारपर्यंत टिकली.

मंगलशी मी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हापासून तिचे वडील, म्हणजे आण्णा, माझ्याशी बोलत नव्हते. मी समोर बसलेलो असलो तरी "त्यांना चहा पाहिजे का इचार" असं मंगललाच सांगायचे. यंदा मात्र धोंड्याच्या महिन्यात मिरजगावहून रीतसर बोलावणं आलं. (धोंड्याचा म्हणजे अधिक महिना. जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, सोनं देतात.) आण्णांनी एक शब्द न बोलता माझ्या उजव्या हातात अंगठी सरकवली. मंगलने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं.

आता जेवण होईपर्यंत माणसाने गप्प बसावं की नाही? पण या महिन्यात गावात जावयांची अख्खी टीम सहज निघते. जावई विरुद्ध मेहुणे असा क्रिकेटचा सामना ठरला आणि अंपायर म्हणून आण्णा उभे राहिले.

"अंगठी काढून ठेवा," मंगल म्हणाली.

"इतक्या वर्षांनी घातलीय त्यांनी. आता आंघोळीलासुद्धा काढणार नाही."

धाकट्या मेहुण्याने चेंडू उंच उडवला. "सोडा, माझा, माझा!" असं ओरडत मी मागे मागे पळालो. (नजर आभाळात, पाय शेणखताच्या ढिगात.) झेल सुटला आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. मनगटात कट्‌कन वाजलं. आण्णा धावत आले, चेंडू जमिनीवर पाहिला आणि म्हणाले, "नॉट आऊट." लग्नानंतर त्यांनी माझ्याशी थेट बोललेले पहिले शब्द हे होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत हात भाकरीसारखा फुगला.

"पडताना हात टेकला की मनगटाचं हाड असंच मोडतं," डॉक्टर म्हणाले. "प्लास्टर घालू. पण आधी अंगठी कापावी लागेल, नाहीतर बोट जाईल."

"बोट जाऊ द्या," मी म्हणालो.

"कापा ओ डॉक्टर," मागून आण्णा म्हणाले. "सोनं काय, पुन्हा जोडता येतंय. पोरीनं निवडल्याला जावई हाय, दुसरा कुठनं आनू?"

मी हुंदके देऊन रडलो. डॉक्टरांना वाटलं फार दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

घरी ताट वाढलेलं होतं आणि माझा उजवा हात गळ्यात. मंगल भरवायला पुढे झाली, तर आण्णांनी तिला खाली बसवलं. स्वतः धोंडा तुपात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"आ करा, पाव्हनं. ह्यो तरी सोडू नका."

मी त्यांच्याकडेच बघत राहिलो आणि तोंड उघडायला उशीर झाला. धोंडा ओठांना लागून थेट प्लास्टरवर पडला.

"नॉट आऊट," आण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुपात बुडवला.